चार दिवसांचा महोत्सव आणि उरलेलं वर्ष

गेल्या अंकात वेंगुर्ल्याच्या आमच्या चित्रपट संस्थेवर दोन पानं आली होती. ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था, दर महिन्याला एक सिनेमा, वाड्यांवरचे खेळ, शाळांतली शिबिरं आणि थंडीत चार दिवसांचा महोत्सव, असं त्यात थोडक्यात होतं. त्यावर मुरुडपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. संपादकांनी ती माझ्याकडे दिली आणि उत्तरं लिहायला सांगितलं. सारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही सहा मित्र मुंबईहून परत येऊन गावी स्थायिक झालो आहोत. येत्या मे महिन्यात गावच्या समुद्रकिनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवायचा विचार आहे. तेव्हा चाकरमानी आणि पर्यटक दोघंही असतात. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, देवगड तालुका

मित्रांनो, तुम्ही परत आलात आणि आल्या आल्या हे मनात आणलंत, याचा मला फार आनंद झाला. तरीही मे महिना नको आणि किनाराही नको, असंच मी सांगेन.

देवगडात मे महिना म्हणजे हापूस. सकाळी आंबे काढायचा झेला घेऊन कलमावर चढलेला माणूस रात्री पेट्या भरत असतो, आणि घरातल्या बायका त्याच्या जोडीला. ज्यांच्यासाठी महोत्सव करायचा तीच माणसं तेव्हा मोकळी नसतात. पर्यटकांसाठी करायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो गावचा महोत्सव राहत नाही. दुसरं, मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. उघड्यावरचा पडदा साडेसातच्या आधी दिसत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. म्हणजे हातात अडीच तास. त्यात एक सिनेमा बसतो, चर्चा बसत नाही. शिवाय मेच्या मध्यापासून वळवाचा भरवसा नाही. २०२१ साली तौक्ते वादळ याच किनाऱ्यावरून गेलं, ते मे महिन्यातच.

किनारा का नको, तेही सांगते. आमच्याकडे वायंगणीला आणि कोकणातल्या इतर बऱ्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हा काळ साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. वाळूतून बाहेर पडलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. समुद्रावरचा उजेड सोडून ती तुमच्या प्रोजेक्टरकडे आणि हॅलोजनकडे चालू लागतील. खारा वारा आणि वाळू यंत्रात गेली की यंत्र गेलं, ते वेगळंच. शाळेचं पटांगण घ्या, देवळाचा सभामंडप घ्या, कुणाचं मोठं खळं घ्या.

डिसेंबर बघा. भात घरात आलेलं असतं, सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळतो, पावणेसातला पडदा स्वच्छ दिसतो. फक्त तारखा ठरवण्याआधी पंचक्रोशीतल्या जत्रांची यादी भिंतीवर लावा. कार्तिकापासून दशावतारी नाटकांच्या रात्री सुरू होतात. ग्रामदेवतेची जत्रा सोडून तुमच्या सिनेमाला कुणी येणार नाही, आणि येऊही नये.

आता मुख्य गोष्ट. महोत्सवाने सुरुवात करू नका. आधी वर्षभर दर महिन्याला एक सिनेमा दाखवा. ठरलेला वार, ठरलेली जागा, ठरलेली वेळ. पाऊस असो, क्रिकेटचा सामना असो, खेळ रद्द करायचा नाही. सुरुवातीला मोजकी माणसं येतील, त्यांतली निम्मी तुमचेच नातेवाईक असतील. चालेल. चित्रपट संस्थांचा आपल्याकडचा इतिहास असाच आहे. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ साली मित्रांबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत झाला तो १९५२ साली, आणि राय यांचा पहिला सिनेमा आला १९५५ साली. एकत्र बसून पाहणारी आणि पाहून झाल्यावर भांडणारी माणसं आधी तयार झाली होती. १९५९ साली देशातल्या संस्थांचं फेडरेशन झालं, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. या सगळ्यांच्या मुळाशी तेच आहे, थोडी माणसं आणि पुन्हा पुन्हा भेटण्याची शिस्त.

सिनेमा संपल्यावर दिवे एकदम लावू नका. लोकांना डोळे पुसायला वेळ द्या. मग चर्चेत ‘आवडला का’ हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ येतं आणि सगळे चपला शोधायला लागतात. ‘कुठला प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे?’ असं विचारा. आमच्याकडे एकदा एक इराणी सिनेमा झाला. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आयुष्य काढलेले एक आजोबा मागून म्हणाले, “ती बाई दार लावताना दरवेळी आधी भायर कित्याक बघता?” म्हणजे, बाहेर का बघते? आम्ही तो सिनेमा निवडला होता, त्यावर टिपण काढलं होतं, आणि ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही नजरेत आली नव्हती. त्या रात्रीची सगळी चर्चा त्या दारावर झाली. असं जेव्हा तुमच्या गावात होऊ लागेल तेव्हा महोत्सवाच्या तारखा काढा. तोपर्यंत नोव्हेंबरात पणजीला जा. २००४पासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव तिथे होतो, सिंधुदुर्गातून ते काही लांब नाही. सहाही जण प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवा, रोज वेगवेगळे सिनेमे पाहा आणि रात्री एकमेकांना सांगा.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाला सिनेमाचा कार्यक्रम सुरू करायचा आहे. मागे एकदा गावात झाला तेव्हा पुरुष पुढे खुर्च्यांवर बसले, आम्ही मागे उभ्या राहिलो आणि अर्ध्यातून घरी आलो. आमच्यातल्या बऱ्याच जणी मासळी विकतात. त्या म्हणतात, सिनेमा बघायला वेळ कुणाला आहे?
– एक वाचक, हर्णै

ताई, तुमचं पत्र मी संस्थेच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. वेळ नाही असं त्या म्हणतात ते खरं आहे, ते खरं धरूनच सगळं ठरवायचं. वेळ आपण त्यांच्याकडून मागून घ्यायची, आपली त्यांच्यावर लादायची नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो. तो संपवून, माल बर्फात घालून बाई घरी पोचते तेव्हा चूल वाट बघत असते. आठ वाजताचा खेळ तिच्यासाठी नाहीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात. तेव्हा दुपारी दोन ते पाच, छपराखाली, खिडक्यांना काळा कपडा लावून खेळ ठेवा. बाकीच्या महिन्यांत कुठल्या दिवशी बंदर थंड असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पत्रिका छापण्याआधी मासळीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या चार जणींना विचारा आणि त्या सांगतील तोच वार धरा.

बसण्याची व्यवस्था आधी करून ठेवली की भांडण होत नाही. पडद्यासमोर जाजम आणि चटया, त्यांच्या मागे खुर्च्या. चटयांवर बायका आणि मुलं, खुर्च्यांवर म्हातारी माणसं आणि पुरुष. मध्ये एक दोरी बांधा आणि दोरीपाशी गावात जिला सगळे मानतात अशी एक बाई बसवा.

आता ज्या गोष्टी कुणी बोलत नाही त्या. शाळेत खेळ असेल तर स्वच्छतागृहाची किल्ली आदल्या दिवशीच ताब्यात घ्या आणि तिथे पाणी आहे की नाही ते स्वतः जाऊन बघा. नाहीतर बाई तास-दीड तासाने उठून घरी जाते आणि सिनेमा कंटाळवाणा होता असं सांगते. लहान मुलं बरोबर येणार, ती रडणार, त्यावर कुणी डोळे वटारायचे नाहीत. परतीच्या वाटेवर उजेड नसेल तर वाडीप्रमाणे घोळके करून पाठवा. आणि चहा पुरुषांनी करायचा. हा आमचा नियम आहे आणि मी तो कधी मोडू दिलेला नाही. कार्यक्रम बायकांसाठी आणि बायका स्वयंपाकघरात, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

वाचता न येणाऱ्या बायकांना सबटायटल्सचा काय उपयोग, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. आम्ही वाचक नेमतो. परभाषेतला सिनेमा असला की कॉलेजातल्या दोघी मुली आधीच त्याचे संवाद मराठीत लिहून काढतात आणि खेळाच्या वेळी बाजूला बसून माइकवर वाचतात. नाटकी आवाज काढायचा नाही, सगळी पात्रं करून दाखवायची नाहीत. बाईने बाईला सांगावं तसं सांगायचं. आमच्याकडे ते मालवणीत होतं, तुमच्याकडे तुमच्या बोलीत करा. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, पण त्या मुली तो सिनेमा जितका समजून घेतात तितका कुठल्या वर्गात बसून कळणार नाही. पहिल्यांदा कमी संवादांचा सिनेमा निवडा.

आणि कळकळीची विनंती: फक्त बोध देणारे माहितीपट दाखवू नका. हात धुवा, बचत करा, मुलीला शिकवा, हे या बायकांना कुणी ना कुणी रोज येऊन सांगतं. त्यांनाही पोट धरून हसायचं असतं, कुणाच्या तरी प्रेमात पडायचं असतं, दूरच्या देशातली चूल कशी असते ते बघायचं असतं. एका परदेशी सिनेमात सासू सुनेच्या हातातलं भांडं न बोलता काढून घेते. मालवणजवळच्या एका वाडीत तो प्रसंग आला आणि चटईवरून आवाज आला, “आमच्या घरातला ह्येंका कोणी सांगल्यान?” सगळ्या हसल्या, आणि मग कितीतरी वेळ पडद्याकडे बघत अगदी गप्प राहिल्या. पुढच्या वेळचा सिनेमा त्यांनीच निवडला. तुमच्याकडेही तिसऱ्या-चौथ्या खेळापासून निवड गटाकडे द्या.

प्रश्न : पेन ड्राइव्हवर सिनेमा घेतला किंवा घरच्या ओटीटीवरून लावला आणि तिकीट ठेवलं नाही, तर कायद्याची अडचण येते का? छोट्या गावात कोण बघायला येणार?
– दोन वाचक, लांजा आणि गुहागर

येते. तिकीट नसलं तरी येते. ओटीटीची वर्गणी घरात बघण्यासाठी असते, चारचौघांना जमवून दाखवण्याचा हक्क त्यात नसतो. कोण बघायला येणार हा विचार मला पटत नाही. ज्याने चार वर्षं घालून सिनेमा केला त्याला न विचारता तो दाखवायचा आणि वर कलेची सेवा म्हणायचं, हे बरोबर नाही.

विचारलं तर मिळतं, हा माझा अनुभव आहे. लघुपट आणि माहितीपट करणाऱ्या तरुणांना दोन ओळींचा ईमेल पाठवा: संस्था कोण, गाव कुठलं, किती माणसं, तिकीट आहे की नाही. बरेच जण फुकट देतात, काही थोडं मानधन मागतात, काही स्वतः एसटीने येतात आणि चर्चेला बसतात. जुने भारतीय सिनेमे हवे असतील तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ साली सुरू झालं, आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे, आणि चित्रपट संस्थांचा तो जुना आधार आहे. मुंबई-पुण्यातल्या परदेशी सांस्कृतिक केंद्रांकडेही, म्हणजे जर्मनांच्या मॅक्स म्युलर भवनासारख्या ठिकाणी, ना नफा खेळांसाठी सिनेमे मिळू शकतात.

आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. आपल्या पालगडच्या साने गुरुजींच्या पुस्तकावरचा आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा. चित्रपट म्हणून त्याची मुदत २०१३च्या अखेरीस संपली. मात्र पटकथा, गाणी यांचे हक्क स्वतंत्र असू शकतात आणि चांगली प्रत कुणाच्या तरी ताब्यात असते, तेव्हा अशा सिनेमालाही आधी विचारून घ्यावं.

दुसरी बाजू सेन्सॉरची. प्रमाणपत्र असलेला सिनेमा दाखवायला वेगळी सूट लागत नाही, पण प्रमाणपत्रावर काय आहे ते बघा. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या, गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले आहेत. शाळेच्या खेळाला हे फार उपयोगी पडतं. प्रमाणपत्र नसलेले सिनेमे महोत्सवात दाखवायचे असतील तर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. सिनेमांची यादी, प्रत्येकाचा सारांश, निवड कुणी केली ही माहिती द्यावी लागते. शेवटच्या आठवड्यात अर्ज करून काही हाती लागत नाही. दिवाळीआधी यादी पक्की करायला लागते ती यासाठीच.

प्रश्न : आमचा वाचनालयातला गट काही वर्षं सिनेमे दाखवतो. आता नोंदणी करावी असं काहींचं म्हणणं आहे, काहींचं म्हणणं त्यातून भांडणंच वाढतात. तुमचं मत?
– एक निवृत्त शिक्षक, राजापूर

सर, महिन्याचा एक सिनेमा आणि आपापसांतली वर्गणी एवढंच असेल तर वाचनालयाच्या छत्राखाली राहा. कोकणात वाचनालयांनी हे काम पिढ्यान् पिढ्या केलं आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आणि चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. सिनेमाला अशा घरात जागा मिळाली तर वेगळं घर बांधायची घाई कशाला?

बाहेरच्या लोकांकडून देणग्या घ्यायच्या, सरकारी अनुदान किंवा कंपन्यांचा सामाजिक निधी मागायचा असं ठरलं, की मात्र नोंदणी करा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होतात. मग संस्थेच्या नावाचं पॅन, बँकेत खातं, आणि आयकराची ती १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी नोंदणी. ८०जीची सवलत २,००० रुपयांपर्यंतच्याच रोख देणगीला मिळते, वरची रक्कम बँकेतून घ्या. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हा अर्ज राहून गेलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. वर्षानुवर्षं कागदावर दिवंगत माणसं अध्यक्ष असतात आणि खात्यावर सही कुणाची हे ठरत नाही. भांडणं वाढतात ती इथून, नोंदणीमुळे नव्हे. दर वर्षी लेखापरीक्षण करून घ्या आणि हिशेबाचं पान वाचनालयाच्या फळ्यावर लावा, चहाच्या खर्चासकट. घटनेत एकच माणूस किती वर्षं सचिव राहू शकतो, हेही पहिल्याच दिवशी लिहा. मी स्वतः मुदत संपल्यावर उठले. आता सचिव आहे ती मुलगी माझ्या निम्म्या वयाची आहे आणि तिची निवड पुष्कळदा मला आवडत नाही, पण शाळकरी मुलं तिच्या खेळांना धावत येतात.

प्रश्न : महोत्सवाचा सगळा खर्च द्यायला एक स्थानिक पुढारी तयार आहेत. अट एवढीच, की कमानीवर त्यांचा फोटो आणि उद्घाटनाचं भाषण. घ्यावं का?
– एक वाचक, कणकवली

घेऊ नये. सगळा खर्च एकाच माणसाकडून तर कधीच घेऊ नये, मग तो पुढारी असो, हॉटेलवाला असो की मुंबईचा उद्योजक. पुढच्या वर्षी कुठला सिनेमा नको हे तो सांगेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) आणि त्यांच्या ओडेसा गटाने गावोगाव सिनेमे दाखवून लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवले आणि त्यातून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ हा पूर्ण लांबीचा सिनेमा उभा केला. आपल्याला तर फक्त चार दिवसांचा मांडव उभा करायचा आहे. आमच्याकडे मांडववाला भाड्यात सूट देतो, एक खानावळ पाहुण्यांचं जेवण देते, मुंबईतले गाववाले गणपतीत आले की वर्गणी देतात, काही घरं पाहुण्यांना ओटीवर नाहीतर माडीवर जागा देतात. सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच फळ्यावर. पुढाऱ्यांना प्रेमाने पहिल्या रांगेचं आमंत्रण द्या. ते सिनेमा पाहायला बसले तर उत्तमच.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या आठवी-नववीच्या मुलांना मोबाइलवर सिनेमा करायचा आहे. शाळेकडे पैसे नाहीत. शिबिर कसं घ्यावं? एक मुलगी तर आतापासून चित्रपट शिक्षणाची चौकशी करते आहे.
– एक शिक्षिका, कुडाळ

बाई, तुमची शाळा पिंगुळीपासून किती जवळ आहे! पहिल्या दिवशी मोबाइल कपाटात ठेवा आणि मुलांना तिथे घेऊन जा. ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी बघू द्या. एकेक चित्र समोर धरायचं, गात-सांगत गोष्ट पुढे न्यायची, मग पुढचं चित्र. कुठलं चित्र किती वेळ धरायचं, कुठे थांबायचं, कुठे झटकन बदलायचं, हे सगळं त्यात आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना बाहुल्यांच्या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मुलांनी त्यांच्याच तालुक्यातलं हे आधी पाहिलं पाहिजे. परत आल्यावर प्रत्येकाने सहा चित्रांत आपली गोष्ट काढायची. रेघोट्या चालतील.

दुसऱ्या दिवशी मोबाइल. एक मिनिट, एकच सलग शॉट, मोबाइल आडवा, सिनेमातलं गाणं लावायचं नाही. विषय घरातला: आजी तिरफळं निवडते, बाबा जाळं शिवतात, शेजारी नारळ सोलतात. ज्याला चित्रित करायचं त्याची परवानगी आधी, आणि तयार झाल्यावर पहिल्यांदा त्यालाच दाखवायचं. आमच्या शिबिरात एका मुलाने दशावतारी कंपनीच्या मालकांना विचारून, पेटाऱ्यावर बसून रंग लावणाऱ्या नटाचा एक मिनिट घेतला. दिवसभर दुसऱ्याच्या बागेत कामाला जाणारा तो माणूस आरशात बघत हळूहळू राजा होतो. एवढंच. महोत्सवात ते मिनिट मोठ्या पडद्यावर लावलं तेव्हा तो नट प्रेक्षकांत होता. मुलांचं काम मोठ्यांच्या सिनेमांच्या आधी, त्याच पडद्यावर, त्याच आवाजात दाखवा. वेगळा ‘बाल विभाग’ करून सकाळी नऊ वाजता रिकाम्या खुर्च्यांपुढे लावू नका.

त्या मुलीला सांगा, पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधल्या दिग्दर्शन, छायालेखन अशा प्रमुख अभ्यासक्रमांना पदवी लागते. अजून पुष्कळ वर्षं आहेत. तोवर वाचावं, माणसं बघावीत, आणि जमेल तेव्हा एखाद्या चित्रपट रसास्वाद शिबिरात बसावं. तिला आमच्याकडे पाठवा, पुढच्या परभाषी सिनेमाला वाचक हवी आहे.

प्रश्न : आता सगळं मोबाइलवर मिळतं. एवढा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, चिपळूण

मिळतं हे खरं. पण जे आधी पाहिलंय तशाच गोष्टी तो पुढे करत राहतो. आर्मेनियाचा, सेनेगलचा सिनेमा तुमच्या हातातला फोन आपणहून दाखवणार नाही. तो कुणीतरी निवडून आणावा लागतो आणि त्याच्याबद्दल दोन शब्द बोलावे लागतात. तुमच्या गावाने २२ जुलै २०२१चा पूर पाहिला आहे. त्यानंतर चिखल काढायला माणसं धावली ती एकमेकांना ओळखत होती म्हणून. ओळख व्हायला एकत्र बसण्याची ठिकाणं लागतात, आणि आपल्याकडे ती कमी होत चालली आहेत. मला तरी या कामाचं एवढं कारण पुरतं.

प्रश्न : आम्ही शाळेसाठी जुना प्रोजेक्टर घेतोय. किती क्षमतेचा घ्यावा आणि पावसाळ्यात कसा सांभाळावा?
– एक वाचक, श्रीवर्धन

काळोख करता येणाऱ्या वर्गासाठी आणि दहा-बारा फुटांच्या पडद्यासाठी तीन-साडेतीन हजार ल्युमेन्स (हे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. पटांगणात मोठा पडदा लावणार असाल तर पाच हजारांच्या खाली जाऊ नका. जुना घेताना दिवा किती तास जळला आहे ते यंत्राच्या मेनूमध्ये दिसतं, ते बघूनच भाव करा. पडदा विकत घेऊ नका. मांजरपाटाचे पन्हे जोडून शिंप्याकडून शिवून घ्या, वर-खाली बांबू जाईल असा नेफा ठेवा आणि पाठीमागून काळं अस्तर लावा, म्हणजे मागचा उजेड येत नाही.

पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. झाकण घट्ट बसेल अशा डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवा आणि त्या पिशव्या अधूनमधून तापवून कोरड्या करा. आठवड्यातून एकदा अर्धा तास यंत्र चालवा. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. वीज जाते-येते, तेव्हा छोटा यूपीएस प्रोजेक्टरच्या आधी घ्या, स्पीकरचं नंतर बघता येईल. आणि पडदा मात्र घडी घालून ठेवू नका, गुंडाळून ठेवा. घडीची रेघ माणसांच्या चेहऱ्यावर येते.